बोरीची राख आणि मनुष्याचें प्राचीनत्व : एका कालनिर्णयाचें परीक्षण

१

जुन्नर प्रांताचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा नाणेघाटापासून आरंभ करतो. तेथील नागनिका राणीचा लेख, मग जुन्नरभोंवतालचीं लेणीं, पुढें शिवनेरी व शेवटीं पेशवाईंतील दफ्तरें, असा तो पायरीपायरीनें खालीं उतरतो. याच्याही मागें जावयाचें झाल्यास लेख नाहीं, नाणें नाहीं, कागद तर नाहींच; म्हणून आमच्यासारख्या पोथ्यांच्या माणसांनीं तो प्रदेश आपला नव्हे असें ठरवून केव्हांच सोडून दिलेला आहे. परंतु याच तालुक्यांतील बोरी या गांवीं, कुकडीच्या कांठीं, एका राखेच्या थरासंबंधानें गेलीं पस्तीसांहून अधिक वर्षें विद्वानांत जो वाद चालला आहे, त्याचें स्वरूप पाहिलें असतां हा प्रदेश वाटतो तितका परका नाहीं, असें आमचें मत झालें आहे. प्रश्न दगडाचा असला तरी तो प्रमाणाचा आहे. आणि प्रमाणांची पारख करणें हा तर या त्रैमासिकाच्या वाचकांचा नित्याचा उद्योग.

लिहिण्याचें दुसरें कारण खासगी आहे, परंतु तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. इ. स. १९९० च्या सुमारास ‘बोरी येथें १४ लक्ष वर्षांपूर्वीच्या मनुष्याचीं हत्यारें सांपडलीं’ हें वृत्त आमच्या कानीं आलें. त्या वेळीं आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. तेव्हांपासून सेवानिवृत्तीपर्यंत आम्ही हें विधान वर्गांत, सहलींत व एकदोन व्याख्यानांत निःशंकपणें केलें. मुलांच्या चेहऱ्यांवर अभिमान दिसे, व तो पाहून आम्हांसही समाधान वाटे. विधानाचा आधार कोणता, तो कोणी तपासला, पुढें त्याचें काय झालें, याची विचारपूस मात्र आम्हीं केली नाहीं. ती आतां करीत आहों.

२

प्रथम स्थळ. कुकडी नदी सह्याद्रींत नाणेघाट व चावंड यांच्या बाजूस उगम पावते. कुकडेश्वराचें पुरातन देवालय तिच्याच उगमाजवळ आहे. ओझर ओलांडून ती पूर्वेकडे वाहते, व पुढें आंबेगांव तालुक्यांतून येणाऱ्या घोड नदीस मिळते; घोड भीमेस मिळते. हा सर्व मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टाचा आहे. हा पाषाण लाव्हारसाच्या रूपानें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पसरला. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें मोठें काम पडणार आहे.

नदीनें आपल्या कांठीं गोटे, वाळू व पिवळट माती यांचे थर रचून ठेवलेले आहेत. पावसानें त्यांत घळी पाडल्या, म्हणजे ते थर पोथीच्या पानांप्रमाणें एकावर एक उघडे दिसतात. बोरी बुद्रुक येथें अशाच थरांमध्यें एक पांढुरका, पिठासारखा मऊ पट्टा आढळला. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतां तो मातीचा नसून काचेच्या अतिसूक्ष्म कपच्यांचा, अर्थात् ज्वालामुखीच्या राखेचा, असल्याचें ठरलें. त्याच्या निकटच्या गोट्यांच्या थरांत अश्युलियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचीं दगडी हत्यारें, म्हणजे हातकुऱ्हाडी व आडव्या धारेचीं फरशीवजा हत्यारें, मिळालीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील डॉ. रवि कोरीसेट्टर, डॉ. शीला मिश्रा, डॉ. शरद राजगुरु व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं हा शोध प्रसिद्ध केला.

या ठिकाणीं एक गैरसमज आरंभींच दूर केला पाहिजे. बोरीस मनुष्याचें हाड सांपडलेलें नाहीं. सर्व भारतवर्षांत अतिप्राचीन मानवाच्या कवटीचा जो एकच प्रसिद्ध अवशेष आहे, तो नर्मदाकांठच्या हथनोरा येथें डॉ. अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजीं मिळाला. आणि तो मानवाच्या कोणत्या जातीचा याविषयींही एकमत झालेलें नाहीं. बोरीस आहेत तीं केवळ हत्यारें. ‘बोरीचा मानव’ हा शब्दप्रयोग म्हणूनच अनुमानाचा आहे, दर्शनाचा नव्हे. हत्यार आहे तर करणारा असलाच पाहिजे, हें अनुमान निर्दोष आहे. परंतु तो कसा होता हें त्यावरून निघत नाहीं.

३

आतां मतांचा क्रम देतों.

पहिलें मत १९८९ चें. राखेचें वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनें काढलें, तें सुमारें १४ लक्ष वर्षें आलें. हत्यारें त्याच थरांशीं संलग्न, म्हणून तींही तितकींच जुनीं. त्या काळीं आफ्रिकेबाहेर इतकीं जुनीं अश्युलियन हत्यारें क्वचितच ठाऊक होतीं. म्हणून या आंकड्यानें मोठी खळबळ केली.

दुसरें मत १९९३ चें. हॉर्न व इतर जर्मन विद्वानांनीं तीच राख पोटॅशियम-आर्गॉन व विखंडन-रेषा या पद्धतींनीं तपासली, व पहिल्या आंकड्याच्या निम्म्याहूनही कमी वयें दिलीं. विखंडन-रेषांवरून आलेलें वय सुमारें साडेसहा लक्ष होतें, पण त्यापुढील अनिश्चितताही जवळजवळ तीन लक्षांची होती.

तिसरें मत १९९५ चें. डॉ. मिश्रा व त्यांचे सहकारी यांनीं आर्गॉनाच्याच, परंतु सुधारलेल्या पद्धतीनें ६,७०,००० वर्षें हें वय मांडलें. अनिश्चितता अवघी तीस हजारांची.

चवथें मत त्याच वर्षाचें. शेन, वेस्टगेट व विल्यम्स यांनीं राखेचें वय न मोजतां तिचें कूळ शोधलें. काचेच्या रासायनिक घटकांवरून त्यांनीं असें ठरविलें कीं भारतांतील ही राख सुमात्रा बेटांतील टोबा ज्वालामुखीच्या अगदीं अलीकडील महास्फोटाची, म्हणजे सुमारें ७५,००० वर्षांपूर्वींची आहे. १९९८ सालीं याच पक्षानें एक पाऊल पुढें टाकून, द्वीपकल्पांतील सर्वच टोबा-राख या एकाच स्फोटाची असल्याचें प्रतिपादन केलें. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं या दोन्ही लेखांच्या कर्त्यांत डॉ. कोरीसेट्टर यांचेंही नांव आहे. ज्या संशोधकानें १९८९ सालीं १४ लक्षांचें मत मांडण्यांत भाग घेतला, त्यानेंच सहा वर्षांनीं विरुद्ध पुरावा समोर येतांच तो आपल्या नांवानें प्रसिद्ध केला. इतिहाससंशोधकांच्या जगांत हें वर्तन किती विरळ आहे तें वाचक जाणतातच.

पांचवें मत २०११ चें. वेस्टवे, मिश्रा व इतर यांनीं बोरी व कऱ्हेच्या कांठचें मोरगांव येथील राखेचें पुन्हा मापन करून, सात ते आठ लक्षांच्या घरांतील वयें दिलीं, व ही राख टोबाच्याच, परंतु सुमारें आठ लक्ष वर्षांपूर्वींच्या जुन्या स्फोटाची असावी असें मांडलें.

म्हणजे एकाच राखेचीं वयें १४ लक्ष, पावणेसात लक्ष, पाऊण लक्ष, आणि पुन्हा सात-आठ लक्ष! नाणेघाटच्या लेखाच्या काळाविषयीं अक्षरवटिकेवरून विद्वानांत शतकादीड शतकाचा मतभेद आहे, म्हणून आम्ही कपाळास हात लावतों. येथें मोठा आंकडा लहानाच्या अठरापट आहे.

४

हा मतभेद हट्टामुळें उत्पन्न झालेला नाहीं. त्याचें बीज पद्धतींतच आहे. तें समजून घेण्यासाठीं रसायनशास्त्री असण्याची गरज नाहीं, परंतु थोडा हिशेब मात्र केला पाहिजे.

पोटॅशियमाचा एक प्रकार आपोआप विघटन पावतो व त्याचा कांहीं अंश आर्गॉन वायु होऊन खनिजांत अडकून राहतो. किती आर्गॉन सांचला यावरून किती काळ लोटला हें कळतें. हें विघटन इतकें मंद आहे कीं मूळच्या द्रव्याचें अर्धें होण्यास १२५ कोटि वर्षें लागतात. म्हणून पाऊण लक्ष वर्षांत त्या प्रकारच्या दहा लक्ष अणूंमागें अवघे चार-पांचच आर्गॉन होतात. इतक्या थोड्या पुंजीचा हिशेब ठेवतांना परक्या पैशाची एक कवडी जरी थैलींत पडली, तरी बेरीज बिघडते.

आणि परका पैसा तर कुकडीच्या खोऱ्यांत चहूंकडे पसरलेला आहे. वर सांगितलेला बेसाल्ट साडेसहा कोटि वर्षांचा. समजा, तपासणीस घेतलेल्या राखेंतील पोटॅशियमाच्या शंभर भागांपैकीं एक भाग या जुन्या पाषाणाच्या कणांतून आला. तर राखेचें खरें वय पाऊण लक्ष असतांही मापनांत तें सव्वासात लक्ष दिसेल. दोन भाग आले तर पावणेचौदा लक्ष दिसेल. वाचक चमकतील, कारण हे आंकडे प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांच्या जवळजवळ येऊन ठेपतात.

परंतु या जुळणीनें हुरळून जाऊं नये. काचेंत पोटॅशियम पुष्कळ असतें, बेसाल्टांत फार थोडें. म्हणून पोटॅशियमाचे शंभरांत दोन भाग परके यावयास वजनानें भेसळ दोन भागांची नव्हे, त्याच्या कितीतरी पट लागेल. आणि इतकी भेसळ काळजीपूर्वक निवडणाऱ्याच्या नजरेस यावयास हवी. उलट, जुने कण नदीनेंच मिसळले पाहिजेत असेंही नाहीं. ज्वालामुखी फुटतांना आपल्या पोटांतील जुना खडकही उडवून देतो, व ते कण राखेंत घरचेच होऊन बसतात. तात्पर्य, आमचा हिशेब दोष कसा शिरूं शकतो एवढें दाखवितो. तो शिरलाच असें सिद्ध करीत नाहीं.

एक गोष्ट तरीही निश्चित राहते. परक्या जुन्या कणांनीं वय नेहमीं वाढतें, कधीं घटत नाहीं. काच पाणी शोषून आर्गॉन गमावते तेव्हां उलटा दोषही संभवतो. परंतु बेसाल्टाच्या मुलखांत पहिल्या दोषाची भीति अधिक. म्हणून आर्गॉनाच्या पद्धतीनें आलेलें वय ही येथें बहुधा वरची मर्यादा समजावी.

५

पोथ्यांच्या व्यवहारांत याची तंतोतंत जोड आहे. लेखक जुन्या प्रतीवरून नवी प्रत करतो, आणि शेवटची पुष्पिकाही तिच्यांतील शकासह जशीच्या तशी उतरून घेतो. पुढें ती प्रत हातीं आलेला संग्राहक पुष्पिकेंतील शक वाचून प्रत तितकी जुनी मानतो. आम्ही हें अनुभवानें बोलत आहों. तरुणपणीं घरच्या संग्रहांतील एका पोथीस आम्हीं अशाच आधारावर दीडशें वर्षें अधिक जुनी ठरविली होती, एका वृद्ध गृहस्थांनीं कागदावर बोट ठेवून विचारलें, ‘मास्तर, शक वाचलात, कागद पाहिलात काय?’ तो प्रश्न आम्हीं जन्मभर विसरलों नाहीं, आणि तरीही बोरीच्या बाबतींत तो विचारला नाहीं.

बोरीच्या राखेस हा प्रश्न दोनदां विचारला पाहिजे. पहिल्यानें, राखेचें वय म्हणजे राखेच्या थराचें वय नव्हे. राख आकाशांतून पडली एका वेळीं. ओढ्यापाण्यांनीं वाहून आणून ती या खळग्यांत सांचविली दुसऱ्या वेळीं. ही दुसरी क्रिया म्हणजे नक्कल. थर जर शुद्ध राखेचाच असेल, तर नक्कल मूळ प्रतीनंतर लौकरच झाली असें मानण्यास हरकत नाहीं. कारण उघडी पडलेली राख फार वर्षें निर्भेळ राहत नाहीं. पण थरांत वाळूचे कण जितके अधिक, तितकें हें अंतर मोठें असण्याचा संभव अधिक.

दुसऱ्यानें, राखेखालील हत्यार राखेच्या थराहून जुनें, एवढेंच थरांचा क्रम सांगतो. तें स्फोटाहून जुनें हें सांगावयाचें असेल, तर स्फोट व थर यांच्यांत अंतर नाहीं हें आधीं सिद्ध करावें लागेल. आणि राखेच्या वर किंवा तिच्यांतच मिसळलेलें हत्यार असेल, तर तें नदीनें वरच्या बाजूच्या जुन्या थरांतून उचलून आणलेलें नाहीं हेंही दाखवावें लागेल. नदीचे गोटे हे क्षेपकांचें माहेरघर आहे.

६

आतां दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांचें परीक्षण.

जुन्या वयाचा पक्ष म्हणतो कीं बोरीचीं हत्यारें घडणींत ओबडधोबड आहेत, अश्युलियनाच्या आरंभकाळास शोभणारीं आहेत, म्हणून राख ७५,००० वर्षांची असणें शक्य नाहीं. याच पक्षाचे उत्साही अनुयायी दुसऱ्या ठिकाणीं सांगतात कीं राख जुनी, म्हणून हत्यारें आरंभकाळचीं. नैयायिकांनीं याला अन्योन्याश्रय असें नांव देऊन ठेवलें आहे. हत्याराच्या घडणीवरून काळ ठरविणें हें अक्षरवटिकेवरून काळ ठरविण्यासारखें आहे. आधार म्हणून चालेल, निर्णय म्हणून चालणार नाहीं. जाड्याभरड्या अक्षराचा लेखक प्राचीनच असतो असें नाहीं; तो खेडवळ, घाईंतला किंवा वाईट बोरूचा धनीही असूं शकतो. जाड दगडाचें हत्यार जाडच होतें.

तसेंच, आर्गॉनाचीं तीन-चार मापनें सात लक्षांच्या आसपास जमतात, म्हणून तीं परस्परांस बळकटी देतात असें म्हटलें जातें. परंतु एकाच मूळ प्रतीवरून झालेल्या चार प्रती म्हणजे चार साक्षी नव्हेत. एकाच राखेवर एकाच तत्त्वाची पद्धति चारदां लावली, तर तोच दोष चारही वेळां शिरूं शकतो. विखंडन-रेषांची साक्ष मात्र वेगळ्या कुळांतली आहे व ती जुन्या पक्षाकडे झुकते, हें कबूल केलें पाहिजे. पण तीन लक्षांच्या अनिश्चिततेनें तिचा हात फार कांपतो. पुराचुंबकत्वाचा पुरावाही या पक्षास कांहीं अंशीं अनुकूल आहे. पृथ्वीच्या चुंबकाची दिशा शेवटची सुमारें पावणेआठ लक्ष वर्षांपूर्वीं उलटली; मोरगांवच्या गाळांत त्याआधींच्या उलट्या दिशेच्या खुणा मिळाल्याचें अभ्यासकांनीं मांडलें आहे. मात्र मोरगांवचा निर्णय बोरीस आपोआप लागू होत नाहीं. ओझर व मोरगांव हीं गणेशभक्तांच्या एका यात्रेंत येतात, म्हणून कुकडी व कऱ्हा या दोहोंचा गाळ एका काळीं सांचला असें होत नाहीं.

नव्या वयाच्या पक्षाचें बळ काचेच्या रसायनांत आहे, आणि तें मोठें आहे. दख्खनांत गेल्या कोट्यवधि वर्षांत ज्वालामुखी नाहीं. तेव्हां राख परदेशचीच. टोबा येथून तीन हजार किलोमीटरांहून दूर. परंतु त्याच्या शेवटच्या स्फोटांत सुमारें २,८०० घन किलोमीटर द्रव्य उडालें असा अंदाज आहे, आणि त्याची राख सोन नदीच्या खोऱ्यांत व आंध्रांतील ज्वालापुरम् येथेंही ओळखली गेली आहे. मग कुकडीवरच ती कां नसावी? तर्कशास्त्राचा विद्यार्थी धुरावरून अग्नीचें अनुमान करून आरंभ करतो. येथें राखेवरून अग्नीचें अनुमान आहे. अग्नि टोबाचा, हें आज दोन्ही पक्ष मानतात. वाद उरतो तो कोणत्या वेळच्या अग्नीचा, इतकाच. आणि एकाच चुलीच्या दोन वेळच्या राखेंत फरक ओळखणें हें एकाच घराण्यांतील बाप व लेक यांच्या हस्ताक्षरांत भेद करण्यासारखें नाजूक काम आहे. नवा पक्ष तो भेद आपण केला असें सांगतो. त्याचें म्हणणें वजनदार आहे. परंतु ‘सर्वच’ राख एका स्फोटाची हें १९९८ चें विधान कांहीं नमुन्यांवरून केलेली व्याप्ति आहे, आणि एकही विरुद्ध उदाहरण सिद्ध झालें तर ती मोडते.

मग इतर पद्धतींनीं निकाल कां लागत नाहीं, असें वाचक विचारतील. मद्रासजवळच्या अत्तिरमपाक्कम् येथें डॉ. शांति पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं अश्युलियन हत्यारांचें वय सुमारें १५ लक्ष वर्षांपर्यंत नेलें. तें राखेवरून नव्हे, तर प्रत्यक्ष हत्यारांच्या गारगोटी-दगडांतील विरळ समस्थानिकांवरून. आपल्या मुलखाचें दुर्दैव असें कीं येथील हत्यारें बेसाल्टाच्या जातीच्या काळ्या दगडाचीं, आणि त्यांत ती गारगोटी जवळजवळ नाहीं. म्हणून ती पद्धति येथें सरळ चालत नाहीं, व सर्व भार एकट्या राखेवर पडतो.

येथें एक मोह टाळावयास हवा. अत्तिरमपाक्कमच्या निर्णयामुळें भारतांत १५ लक्ष वर्षांपूर्वीं हातकुऱ्हाड करणारे लोक होते हें आतां असंभवनीय राहिलेलें नाहीं. कर्नाटकांतील इसामपूरचें वयही बारा लक्षांवर सांगितलें जातें. म्हणून कांहीं मंडळी म्हणतात, ‘पाहा, बोरीचे १४ लक्ष खरे ठरले!’ हा न्याय विचित्र आहे. शेजारच्या गांवीं एक जुनें दानपत्र खरें निघालें, म्हणून आपल्या घरचें बनावट दानपत्र खरें होत नाहीं. संभव म्हणजे प्रमाण नव्हे. याहूनही पुढें जाऊन एका स्नेह्यांनीं आम्हांस आठ लक्षांची राख व द्वापर युगाचीं ८,६४,००० वर्षें यांचा मेळ घालून दाखविला. युगगणनेविषयीं आम्हांस आदर आहे. म्हणूनच तिला असल्या कामास जुंपूं नये अशी आमची विनंति आहे.

७

निर्णय काय? न्यायशास्त्रांत सत्प्रतिपक्ष म्हणून एक दोष सांगितला आहे: एका हेतूनें एक साध्य व तुल्यबल दुसऱ्या हेतूनें त्याच्या उलट साध्य सिद्ध होऊं लागलें, म्हणजे दोन्ही अनुमानें थांबतात. बोरीची स्थिति आज तशी आहे. आमच्या अल्प समजुतीप्रमाणें खालील तीन गोष्टी लिहितां येतात.

पहिली : १४ लक्ष हा आंकडा सोडून दिला पाहिजे. तो मांडणाऱ्या संशोधकांनींही पुढील लेखांत तो धरून ठेवलेला नाहीं. केवळ भाषणांतून व स्थळवर्णनांतून तो चालत आलेला आहे.

दुसरी : पाऊण लक्ष व सात-आठ लक्ष हीं दोन मतें उभीं आहेत. जो कोणी यांपैकीं एकच सांगेल, त्यानें दुसऱ्याचा उल्लेख केला पाहिजे.

तिसरी : कोणतेंही मत खरें ठरलें, तरी कुकडीच्या कांठीं हातकुऱ्हाड घडविणारा मनुष्य वावरला हें अबाधित राहतें. तो नागनिकेच्या लेखाहून इतका पूर्वींचा आहे कीं त्या दोघांमधील अंतरापुढें नागनिका व आपण समकालीनच. जुन्नरचा अभिमान बाळगणारास एवढें पुरे व्हावें. आंकडा फुगविल्यानें प्रांत मोठा होत नाहीं; उलट तो फुटला म्हणजे खरी गोष्टही लोक खोटी मानूं लागतात.

८

आतां संग्राहकांस दोन शब्द.

आमच्या कपाटांत एक हातकुऱ्हाड आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्यानें ती नदीच्या पात्रांतून उचलून मोठ्या भक्तीनें आम्हांस आणून दिली. काळ्या दगडाची, बदामी आकाराची, हातांत घेतां तळहातास नेमकी बसणारी. आम्हीं ती पाहुण्यांस दाखविली, तिच्याखालीं सुबक अक्षरांत चिठ्ठी लावली, आणि चिठ्ठीवर ‘१४ लक्ष वर्षें’ असेंही लिहिलें. हा लेख लिहितांना आम्हीं त्या विद्यार्थ्यास, तो आतां स्वतः बाप झालेला आहे, गांठून विचारलें कीं ती कोणत्या थरांतून काढलीस? त्याला नदी आठवली, दुपार आठवली, आम्हीं दिलेली शाबासकी आठवली. थर आठवला नाहीं. तो कसा आठवावा? आम्हीं त्याला तो पाहावयास शिकविलेंच नव्हतें. ती हातकुऱ्हाड आज दोन्ही पक्षांपैकीं कोणाच्याही कामाची नाहीं. पत्रांक फाटलेलें सुटें पान कोणत्या ग्रंथाचें हें सांगतां येत नाहीं, तशी तिची गति झाली आहे.

घळी सपाट करून शेतें होत आहेत. तें शेतकऱ्याच्या पोटाचें काम आहे, त्यास दोष देतां येत नाहीं. वाळूही उपसली जाते. परंतु जेथें राखेचा पांढरा पट्टा दिसेल, तेथें निदान आमच्यासारख्या हौशी माणसांनीं हात लावूं नये. छायाचित्र घ्यावें, जागा व पट्ट्याची उंची लिहून ठेवावी, वर काय व खालीं काय तें टिपावें, आणि डेक्कन कॉलेजांतील जाणत्यांस कळवावें. हें केवळ बोरीपुरतें नाहीं. घोडच्या खोऱ्याचा अभ्यास काजळे, बदाम व राजगुरु यांनीं १९७६ सालींच प्रसिद्ध केलेला आहे. त्याच नदीचा वरचा भाग आंबेगांव तालुक्यांत आहे, आणि तेथील घळी वाचणारे डोळे अद्याप पुष्कळ हवे आहेत. बोरीचा वाद मिटेल तो नव्या वक्तृत्वानें नव्हे, तर एखाद्या नव्या, अस्पर्श थरानें मिटेल. आणि तो थर शाबूत राहणें कदाचित् आपल्यापैकींच कोणाच्या संयमावर अवलंबून असेल.

आमच्या कपाटांतील चिठ्ठी आम्हीं काढून टाकली आहे. तिच्या जागीं नवी लावली आहे: ‘कुकडी नदी. थर अज्ञात. काळ अनिर्णीत.’ पूर्वीच्या चिठ्ठीइतकी ती शोभिवंत नाहीं. परंतु ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं १४ लक्ष वर्षें सांगितलीं, त्यांपैकीं कोणाच्या दृष्टीस हा लेख पडला, तर त्यानें हीच आमची दुरुस्ती समजावी, आणि पूर्वींचें विधान आमच्या नांवावरून खोडावें.